घरबसल्या लागलेली गाडी

इंदुताईनं पदराखालचं लिंबू डाव्या हातानं घट्ट दाबलं आणि उजव्या हातानं फिरकी वळवली. टीव्हीच्या काळ्या काचेतून पांढरे खांब दोन रांगांनी तिच्या अंगावर येत होते. लांब असताना ते तांदळाच्या कणीएवढे दिसत, जवळ येता येता बोटाएवढे, मग हाताएवढे होत, आणि कानामागं कुठंतरी निघून जात. रस्ता म्हणून वेगळा काही दाखवलेलाच नव्हता. दोन रांगांच्या मधला जो काळोख, तोच रस्ता.

"आलं का कोठारी?" मागून केसरबाईनं विचारलं.

"कोठारी गेलं कव्हाचं."

केसरबाई टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारी, ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या घरातली बाई. माहेरचा तांदूळ आल्याशिवाय तिच्या घरी भात शिजत नसे, आणि तो निवडल्याशिवाय तिची दुपार जात नसे. त्या खांबांकडे आपण बघायचंच नाही, हे तिनं पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

इंदुताईच्या टाळूवर मुंगी चालल्यासारखं झालं. मग जिभेखाली पाणी सुटलं. मग पोटातलं सगळं एकदम हलकं होऊन गळ्याशी येऊन थांबलं, दाराशी आलेला पाहुणा आत येऊ की नको करतो तसं. तिनं डोळे मिटले. टीव्हीनं भुंग्यासारखा आवाज काढला. गाडी आपटली होती.

"गेली?"

"गेली."

"कुठी?"

"गोंडपिपरीच्या अलीकडंच. रोजच्यासारखी."

केसरबाईनं सुपातला एक खडा उचलून खिडकीकडे टाकला. "लिंबू हुंग. अन् घडीभर पड."

ऊर्जानगरच्या त्या क्वार्टरमध्ये मे महिन्याच्या दुपारी हे असं चालायचं. खिडक्यांना ओल्या चादरी, एका सुरात घरघरणारा कूलर, आणि शटरवाल्या टीव्हीपुढं सतरंजीवर मांडी घालून बसलेली चाळिशीची बाई. बाहेर वीज केंद्राच्या धुराड्यांची राख वाळत घातलेल्या लुगड्यांवर अलगद उतरत असायची. कुणी दार वाजवलंच तर केसरबाई उठून फटीतून सांगायची, "झोपली हाय थे. अंग कसंतरी करून राह्यलं तिचं." आणि हे काही खोटं नव्हतं.

इंदुताईला गाडी लागायची. बस, जीप, ट्रक, कुणाची मोटार, काहीही. चाकं फिरली की तिचं पोट फिरायचं. बाकी कुणाच्या बायकोला लागली असती तर त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण गुणवंतराव कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता. सकाळी पाळीची माणसं न्यायची, मग शाळेची पोरं, मग पुन्हा पाळीची माणसं. त्याच्या बसमध्ये बसून माणसं झोपतात, अशी त्याची कीर्ती होती. आणि त्याची बायको बाजारालाही पायी जायची.

लग्नाची वरात आली तीसुद्धा ट्रकनं. गुणवंतराव तेव्हा एका मालकाच्या ट्रकवर होता. दुसऱ्या कुणाच्या हातात आपली गाडी द्यायची नाही म्हणून नवरदेवानंच गळ्यातला हार आरशाला अडकवला आणि स्टिअरिंग धरलं. नवरी मागं, ताडपत्रीखाली, बायकांच्या गर्दीत. चंद्रपूरला उतरवलं तेव्हा ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी झाली होती. सासूनं विचारलं, "पोरीले काही रोग तं नाई ना?" तेव्हापासून एकच उत्तर गुणवंतरावाच्या तोंडी होतं.

"मनाचे खेळ हायेत थे. बाईमाणूस गाडीत चढतानाच ठरवून चढते, का आता ओकाचं म्हणून."

त्याला स्वतःला कधी लागली नव्हती. लागणार कशी? कुठंही जायचं झालं की तोच चालवायचा. एसटीनं जावं लागलंच तर ड्रायव्हर ड्रायव्हरला ओळखतो; केबिनमधली ड्रायव्हरशेजारची सीट त्याच्यासाठी रिकामी व्हायची, आणि दोघं वाटभर रस्त्याच्या तक्रारी करत जायचे. इंदुताई मागं कुठंतरी खिडकीला डोकं टेकून. लेक ब्रह्मपुरीला कॉलेजात गेली, तेव्हा होस्टेलात पोचवायला बापच गेला. आईनं फाटकापर्यंत जाऊन हात हलवला.

हा खेळ घरात आला तोही त्याच्या ड्रायव्हरकीमुळंच. कॉलनीतल्या एका साहेबांची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी एक खोका गुणवंतरावाच्या हातात ठेवला. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेला टीव्हीवरचा खेळ. पोरं मोठी झाली, आता कोण खेळतं. "गाडीचाच खेळ आहे, तुम्हीच न्या," साहेब म्हणाले. गुणवंतरावानं तो खोका बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवून, शाळेच्या पोरांना हात लावू न देता घरी आणला. एक काळी डबी, एक वायर, आणि वायरीच्या टोकाला मुठीत मावेल अशी फिरकी. ती वळवली की टीव्हीतली गाडी वळायची.

पहिल्या संध्याकाळी तो खेळायला बसला आणि इंदुताई त्याच्या पाठीमागं सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत त्याच्या खांद्यावरून बघू लागली. पांढरे खांब आले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. तिनं सांबाराची जुडी खाली ठेवली, उठली, आणि मोरीत गेली.

घर जागच्या जागी होतं. सतरंजी, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यातला माठ, सगळं जागच्या जागी. आणि इंदुताईला गाडी लागली होती.

गुणवंतराव इतका हसला की त्याची गाडी खांबावर गेली. "अवं, घरात बसूनबी तुले गाडी लागते? म्या म्हनत होतो ना, मनाचे खेळ." दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या बसनं ही गोष्ट कंपनीत गेली, आणि दुपारच्या बसनं कॉलनीत परत आली. भाजीवाल्यापाशी बायका विचारू लागल्या, "काय व इंदुताई, तुले टीव्ही लागते म्हन्ते?" केसरबाईनं तर तिला बाजूला घेऊन वेगळीच चौकशी केली, आणि "या वयात?" असं इंदुताईनं विचारल्यावर, "माह्या मावशीले झालं होतं बाप्पा," म्हणाली.

इंदुताई हसली नाही, चिडलीही नाही. भाकरी थापता थापता ती विचार करत राहिली. जे दुखणं बसमध्ये न बसता घरात येऊ शकतं, ते घरातच मोडूनही काढता येईल. इथं बसभर माणसं तोंडाला रुमाल लावून बघत नाहीत. कंडक्टर खेकसत नाही. मोरी जवळ आहे, आणि शेजारी केसरबाई आहे.

त्याच आठवड्यात माहेरचा निरोप आला होता. गावचा दसरू कंपनीत ठेकेदाराकडं कामाला लागला होता. तो दारात उभा राहून पाठ केल्यासारखा बोलला.

"अंजनाबाईनं सांगतलं, विहाराचं काम झालं. बुद्धपौर्णिमेले मूर्ती बसते. वंदना इंदूनं म्हनावी. दुसऱ्या कोनाले म्या म्हनू देनार नाई."

"अजून काय म्हनली माय?"

दसरू घुटमळला. "म्हनली, लेकीले सांग, बापाच्या वेळेस झालं तसं नोको करू."

बापाच्या वेळेस काय झालं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आष्टीच्या पुढं जंगलात, फाट्यावरचं तिचं माहेर. बाप गेल्याचा निरोप आला तेव्हा गुणवंतराव गाडी घेऊन लांब गेलेला. ती एकटीच एसटीत बसली. बल्लारपूर गेलं, कोठारी गेलं. गोंडपिपरी यायच्या आधी तिच्यात उभं राहायचं बळ उरलं नाही. कंडक्टरनं तिला स्टँडवर उतरवलं, चिंचेखाली बसवलं, आणि बस निघून गेली. तिथं ती कितीतरी वेळ मातीवर पडून राहिली. पुढची बस मिळून ती गावात पोचली, तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. त्रिसरण, पंचशील, वंदना, हे सगळं तिला ज्यानं उन्हाळ्याच्या संध्याकाळी अंगणात बसवून शिकवलं होतं, त्याच्यासाठी ते म्हणायला ती नव्हती. माय तेव्हा काही बोलली नाही. आता बोलली होती, तेही दसरूच्या तोंडून.

म्हणून या दुपारी. म्हणून हे लिंबू.

काळ्या काचेतल्या त्या रस्त्याला तिनं आपल्या वाटेची नावं दिली. पहिलं वळण बल्लारपूर, मग सरळ पट्टा, मग कोठारी. त्या रस्त्यावर माणूस नव्हतं, गुरं नव्हती, साधा कुत्रा आडवा जात नव्हता. तिला ते बघवेना. मग तिनं एकेक आणून वसवायला सुरुवात केली. एका वळणावर मोहाचं झाड लावलं. एका ठिकाणी तेंदूपत्त्याच्या पुड्यांच्या रांगा मांडल्या, त्यांच्यावर पाणी शिंपडणाऱ्या बायका उभ्या केल्या. कूलरचं पाणी टपटपलं की नाला आला. त्याची घरघर वाढली की चढ आला. चादरीच्या ओल्या वासात जंगलाचा वास मिसळायचा, आणि केसरबाईच्या सुपातल्या तांदळाचा आवाज लांबून पानांतून कुणीतरी चालत यावं तसा यायचा. आणि गोंडपिपरीच्या अलीकडे, जिथं रस्ता एकदम उजवीकडे झुकायचा, तिथं खांबाला हात लावून तिचा बा उभा असायचा. धोतर, पांढरी टोपी, काखेत छत्री. तो हात दाखवत नव्हता, बोलवत नव्हता. बसची वाट बघावी तसा नुसता उभा. तो दिसला की ती डोळे मिटायची, आणि भुंगा वाजायचा.

"आज डोळे मिटू नोको," एका दुपारी केसरबाई म्हणाली. "जो उभा हाय त्याच्या बाजूनं जपून वळव. आपटाचं काऊन?"

इंदुताईनं तिच्याकडे पाहिलं. बा तिथं उभा असतो, हे तिनं केसरबाईला कधी सांगितलं नव्हतं. फक्त मिटल्या डोळ्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली असेल. तिनं पुन्हा गाडी लावली. यावेळी वळण यायच्या आधीच हात वळला, अगदी हळू, झोपलेल्या पोराला या कुशीवरून त्या कुशीवर करावं तसा. बा डाव्या अंगानं मोठा मोठा होत गेला, त्याच्या धोतराचा काठ दिसावा इतका, आणि कानामागं निघून गेला.

जिभेखाली पाणी आलं नाही.

"आलं का गोंडपिपरी?"

"गेलं," इंदुताई म्हणाली, आणि आपल्याच आवाजानं दचकली.

केसरबाईनं उत्साहात सूप बाजूला ठेवलं. "पाहू बरं, मले दे." तिनं फिरकी हातात घेतली आणि जन्मात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड केलं. गाडी या खांबावरून त्या खांबावर आदळू लागली. इंदुताई तिच्या खांद्यावरून बघत होती, आणि बघता बघता टाळूवर मुंगी चालू लागली. ती घाईनं दुसरीकडे बघू लागली. मग केसरबाईच्या हातातून फिरकी काढून तिनं स्वतः धरली, आणि मुंगी गेली.

तिनं हे पुन्हा करून पाहिलं. केसरबाई चालवते, तेव्हा मुंगी. आपण चालवतो, तेव्हा नाही. ती लिंबू हातात फिरवत बसली. वळण कुठं येणार, हे हाताला आधी कळलं की पोटाला धक्का बसत नाही. आजवर प्रत्येक वळण दुसऱ्याच कुणाच्यातरी हातानं घेतलं होतं, आणि तिच्या पोटाला ते मागाहून कळत होतं.

पण एसटी काही कुणी तिच्या हातात देणार नव्हतं. तिनं सुस्कारा सोडला आणि शटर लावलं.

पौर्णिमा जवळ आली. एक दिवस बसचं काहीतरी बिघडलं म्हणून गुणवंतराव दुपारीच घरी आला. दार लोटलेलं होतं. तो आत आला तेव्हा केसरबाई भिंतीशी डुलक्या घेत होती, आणि त्याची बायको टीव्हीपुढं बसून अंधाऱ्या रस्त्यावरून अशी चालली होती की एका खांबाला धक्का नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला गुणांचा आकडा त्याच्या आजवरच्या सगळ्या आकड्यांच्या पुढं गेलेला. केसरबाईला जाग आली, ती सूप उचलून निघून गेली.

"चालू दे, चालू दे," तो म्हणाला. चप्पल काढून तिच्या मागं खुर्चीवर बसला. "पाहू तं खरं."

इंदुताई थांबली नाही. थांबली असती तर गाडी आपटली असती.

"वळन येऊन राह्यलं. दाब. ब्रेक दाब."

"ब्रेक नाई याले."

"माहीत हाय मले," तो म्हणाला. पण त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. पुढच्या वळणाला पुन्हा. आणि त्याचे हात मांडीवरून उचलले जाऊन हवेतच काहीतरी धरू लागले. फरशीत ब्रेक नव्हता. हवेत स्टिअरिंग नव्हतं. बायकोचा हात त्याच्या मनात येईल तिथं न वळता स्वतःच्याच मनानं, थोडा आधी, थोडा हळू वळत होता. खांब डावीकडे झुकले, मग उजवीकडे.

"हळू व जरा."

तिनं पुढचं वळण घेतलं. थोड्या वेळानं मागं खुर्ची करकरली, आणि मोरीचं दार लागलं. आत पाण्याचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, आणि ओठ राखेनं माखल्यासारखे झाले होते. तो पलंगावर बसला. तिनं शटर लावलं. शटर सरकल्याचा आवाज झाला आणि खोलीत नुसता कूलर राहिला.

"सकाळची भाजी बाधली वाटते," तो म्हणाला.

"असंन."

"वांगं कडू होतं का?"

"असंन," ती म्हणाली. तिनं उठून पाण्याचा पेला आणला आणि पलंगाच्या कडेवर त्याच्या हाताशी ठेवला. शेजारी लिंबूही ठेवलं. तो पाणी प्यायला. लिंबाकडे त्यानं पाहिलं, पण हात लावला नाही. त्या दिवसापासून त्यानं खेळ काढला नाही, आणि "मनाचे खेळ" हे शब्दही त्याच्या तोंडून पुन्हा आले नाहीत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं स्टँडवर उभे होते. उपाशी पोटी निघायचं, हा इंदुताईचा जुना नेम; चहासुद्धा नाही. यावेळी गुणवंतरावानंही नुसतं पाणी पिऊन पिशव्या उचलल्या. तिच्या पिशवीत पांढरं लुगडं, मायसाठी चष्म्याची नवी दोरी, आणि मुठीत केसरबाईनं दिलेलं ताजं लिंबू. अहेरीची बस लागली. ड्रायव्हर वारलू म्हणून होता, गुणवंतरावाच्या ओळखीचा. त्यानं वरूनच हाक मारली.

"या भाऊ, केबिनमधी या. जागा ठेवली तुमच्यासाठी."

गुणवंतराव पायरीपाशी थांबला. पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

"आज हिले बसू दे तिथी," तो म्हणाला.

वारलूनं इंदुताईकडे पाहिलं. केबिनमध्ये बाईमाणूस सहसा बसत नसे. "इंजिनची गरमी येते भाऊ तिथी. बाई मांगं बसतीन आरामात."

"तिथून रस्ता दिसते," गुणवंतराव म्हणाला. आणि बायकोकडे न बघता पिशव्या घेऊन मागच्या दारानं चढला. बस भरली होती. शेवटच्या लांब बाकावर खिडकीशी तेवढी जागा होती, चाकाच्या मागं, जिथं सगळ्यात जास्त उसळतं.

इंदुताई केबिनमध्ये बसली. समोर एवढी मोठी काच तिनं आजवर पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, मागून, माणसांच्या डोक्यांतून. बस निघाली. बल्लारपूर गेलं. रस्ता उघडा होऊन समोर आला, आणि दोन्ही बाजूंनी झाडं येऊ लागली, लांब असताना तांदळाच्या कणीएवढी, मग बोटाएवढी, मग हाताएवढी, आणि कानामागं. तिनं मांडीवर लिंबू घेतलं. वळण यायच्या जरा आधी ते डावीकडे फिरवलं. बस डावीकडे वळली. सरळ केलं. बस सरळ झाली. वारलूनं एकदा तिच्या हाताकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, आणि पुन्हा रस्त्याकडे.

"पहिल्यांदाच चाल्ल्या काय बाई इकडं?"

"हो," ती म्हणाली. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नाही.

कोठारीच्या पुढं तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात मांडलेले दिसले, रांगांच्या रांगा, आणि त्यांच्यावर वाकलेल्या बायका. सगळं तिनं मांडलं होतं तसंच होतं. एक मोहाचं झाड मात्र भलतीकडेच होतं. मग रस्ता उजवीकडे झुकू लागला. तिचं लिंबू थांबलं. वळणावर कुणी नव्हतं. नुसता एक दगड, चुना लावलेला. तिनं हात वळवला, हळू, आणि तो दगड डाव्या अंगानं मोठा होत होत निघून गेला.

गोंडपिपरीच्या स्टँडवर ती चिंच होती. खाली एक म्हातारा विड्या विकत बसला होता. बस थांबली, दोन माणसं उतरली, तीन चढली, आणि बस निघाली. बस इतकंच. चिंच आरशात लहान लहान होत गेली, आणि मगच इंदुताईच्या ध्यानात आलं की आपला श्वास इतका वेळ छातीतच होता.

आष्टीची नदी ओलांडली आणि खरं जंगल लागलं. सावली काचेवरून पाण्यासारखी वाहू लागली. आता तिला भान आलं, तशी ती वळून मागं बघायला लागली. मध्ये उभी माणसं, बोचकी, एक कोंबडी. त्या सगळ्यांच्या पलीकडे, शेवटच्या बाकावर, गुणवंतराव खिडकीच्या लोखंडाला डोकं टेकून बसला होता. डोळे मिटलेले. ओठ राखेचे. प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय पुढच्या बाकाच्या लोखंडावर दाबला जात होता.

तिनं लिंबू मागच्या बाईच्या हातात दिलं. "जरा मांगं द्या. शेवटच्या बाकावर."

लिंबू निघालं. बाईनं उभ्या पोराला दिलं, पोरानं टोपीवाल्याला, टोपीवाल्यानं हुंगून पाहून पुढं दिलं. मध्येच कंडक्टरनं ते पकडलं आणि आवाज चढवून विचारलं, "कोनाले लागली हो गाडी? आधीच सांगा, खिडकीत घ्या त्याले."

सगळी बस मागं-पुढं बघायला लागली. वारलूनंही आरशात पाहिलं. इंदुताईला दिसलं, शेवटच्या बाकावर गुणवंतरावानं डोळे उघडले होते, आणि तो तिच्याकडे बघत होता. पहिल्या पाळीच्या बसनं कंपनीत गेलेली आणि दुपारच्या बसनं कॉलनीत परत आलेली ती गोष्ट तिच्या जिभेवर आली, आणि तिथंच थोडा वेळ बसली.

"माह्यंच हाय थे," ती म्हणाली. "मले लागते. आता गरज नाई, म्हनून पिशवीत ठेवाले पाठवून राह्यली. पिशवी त्यायच्यापाशी हाय."

"मंग ठीक हाय," कंडक्टर म्हणाला, आणि लिंबू पुढं गेलं.

तिनं पुन्हा समोर तोंड केलं. हात रिकामा होता, तरी वळणाआधी वळत होता.

फाट्यावर अंजनाबाई उभी होती. लेक येणार म्हटलं की ती पाण्याचा तांब्या घेऊनच उभी राहायची. पोरीला चूळ भरायला द्यायची, तोंड पुसायचं, मग झाडाखाली निजवायचं, आणि त्यानंतर काय ते ख्यालीखुशालीचं. सवयीनं तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, आणि पुढच्या दारानं उतरलेल्या इंदूच्या तोंडावरून फिरवलं. पुसता पुसता तिचा हात थांबला. तोंड कोरडं होतं. ती थोडी मागं सरली आणि डोळे बारीक करून लेकीकडे बघत राहिली.

"काय पाहून राह्यली माय?"

"काई नाई. तुले उभी पाहून राह्यली."

मागच्या दारानं गुणवंतराव उतरला. एका हातात पिशव्या, दुसरी मूठ बंद. पाय जमिनीला लागल्यावरही तो जरा वेळ दाराची कडी धरून होता. बस निघाली तशी ती त्याला सोडावी लागली. इंदुताईनं मायच्या हातातून तांब्या घेतला आणि जाऊन त्याच्यापुढं धरला. त्यानं चूळ भरली, डोक्यावर पाणी घेतलं, आणि झाडाच्या बुंध्याशी बसला.

"जावाईबापूले काय झालं व?" अंजनाबाईनं हळूच विचारलं.

"सकाळची भाजी बाधली," झाडाखालून गुणवंतराव म्हणाला.

"हो माय," इंदुताई म्हणाली. "माह्याच हातची होती. बिघडली."

मायनं एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग तांब्या घेतला, आणि राहिलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. गावातून ढोलकीचा आवाज येत होता. कुणीतरी विहारात वाजवून बघत असावं. इंदुताईनं पिशव्या उचलल्या आणि पायवाटेला लागली. थोडं पुढं जाऊन ती थांबली.

"या सावकाश," तिनं मागं न बघताच सांगितलं. "पुढं वळन हाय."